झोपाळा लागणारा दर्यावर्दी

माझे काका आठवड्यातून एकदाच दर्यावर्दी असायचे, सकाळी बोट धक्क्याला लागल्यापासून ती सुटेपर्यंत. उरलेला आठवडा ते निवृत्त शिंपी. पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता, आणि तीही ते घाईघाईत उरकायचे. त्यांना बस लागायची, लिफ्ट लागायची, गच्चीवरचा झोपाळासुद्धा लागायचा. तरी बोटकंपनीच्या पत्रकावर फोटो त्यांचाच होता. डोक्यावर निळी टोपी, मांडीवर फाटकं जाळं, नजर दूर कुठेतरी लागलेली. खाली लिहिलं होतं, 'मुरलेल्या दर्यावर्दीशी गप्पा'. नजर दूर लागली होती, कारण चष्मा घरी राहिला होता.

त्यांना धक्क्यावरच्या दर्यावर्दीच्या खुर्चीवर बसवलं मी, आणि त्याबद्दल माझं मलाच अजून कौतुक वाटतं. मी त्याच बोटीवर चहाफराळाचं बघते. बोट लहानशी, पांढरी. किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडते आणि प्रवाशांना गावं, माणसं आणि प्राणी दाखवते. एका बंदरात बायका जुन्या गोदामात वल्हवायची गाणी म्हणतात, दुसऱ्यात दोर वळणारा म्हातारा असतो, मध्ये पक्ष्यांचा खडक लागतो, डॉल्फिन तर बोलावल्यासारखे येतात. भूशिराच्या पलीकडे, नशीब जोरावर असलं तर, देवमासा दिसतो. आमच्या बंदराच्या वाट्याला खरा मच्छीमार आला होता. पण बोट लागते सकाळी, आणि त्या वेळी खरे मच्छीमार एक तर समुद्रावर असतात, नाही तर घरी घोरत असतात. एकाला कसंबसं पकडून बसवलं, तर तो पूर्णवेळ डिझेलच्या भावावर बोलला. प्रवासी बिचारे तोंडं पाडून वेळेआधीच बोटीवर परतले. कप्तान मला म्हणाला, तुझ्या गावात बोलायला येणारं कुणी आहे का बघ, मासे नाही पकडले तरी चालेल.

त्याच सुमारास काकांचं दुकान बंद झालं होतं. लोक तयार कपडे घ्यायला लागले, आणि काकांच्या यंत्रावर काकूने झाकण घातलं. दिवसभर सुई आणि जीभ एकदम चालवणारा माणूस खाटेवर पडून भिंतीकडे बघायला लागला. काकूने त्यांना बटणांचा डबा निवडायला दिला. त्यांनी आधी आकारावरून निवडला, मग रंगावरून, मग तोही सोडला. मला भीती वाटली. काका गप्प बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते.

खुर्चीवर बसवल्यावर पहिल्याच दिवशी गडी असा खुलला की बोट सुटायला उशीर झाला. मच्छीमारांनी हौसेने एक फाटकं जाळं आणून दिलं आणि लांब उभे राहून पोट धरधरून हसले. कारण जाळं गाठी मारून विणतात, आणि काका ते शिवत होते, बोटात अंगुस्तान घालून. सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ना, ती पितळी टोपी. ती काढली की त्यांना हातच उघडा वाटायचा. फाटलेल्या जागी ते काजाचे टाके घालायचे. काही ठिकाणी तर इतके सुबक की तिथे बटण लावलं असतं तर जाळं बंद झालं असतं. बोट गेली की ते सगळं उसवून ठेवायचे, कारण पुढच्या फेरीला दुरुस्तीला काहीतरी हवं.

आणि थापा तरी किती. वादळाची थाप, हरवलेल्या होकायंत्राची थाप, आणि सगळ्यांच्या वरताण देवमाशाची. त्यांच्या होडीशेजारी म्हणे एकदा देवमासा वर आला आणि त्याने एका डोळ्याने यांच्याकडे पाहिलं. "नवा सदरा घालून माणूस आरशासमोर उभा राहतो ना," काका हळूच सांगायचे, "आणि मागे वळून विचारतो, बरा दिसतोय ना? तसा डोळा होता तो. मी म्हटलं, बरा दिसतोयस रे बाबा. तेव्हा गेला." प्रवाशांचे चहाचे पेले हातात तसेच राहायचे. मी हे शेकडो वेळा ऐकलंय आणि दर वेळी मलाही तो डोळा दिसलाय, हे कबूल करते.

काकू मात्र धक्क्याकडे फिरकायची नाही. तिला खोटं बोलता येत नाही आणि ऐकवत नाही. दुकानात बटणं लावायला बसायची तेव्हा गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची की हा रंग तुम्हाला शोभत नाही, आणि हे कापड पहिल्या धुण्यात आटणार. काकांचं निम्मं गिऱ्हाईक तयार कपड्यांनी नेलं, निम्मं काकूने. तरी काका तिला कधी बोलले नाहीत. उलट तिने चांगलं म्हटलेला सदरा ते आठवडाभर खिडकीत टांगून ठेवायचे, कारण असे सदरे फार नसत.

एक दिवस चष्मा पुन्हा घरी राहिला म्हणून ती द्यायला आली. नेमकी देवमाशाच्या डोळ्याची थाप चालली होती. काकूने चष्मा काकांच्या हातात ठेवला आणि जाता जाता, कुणाचं काही बिघडवावं असं मनात नसताना, म्हणाली, "ह्यांना झोपाळा लागतो."

प्रवासी खो खो हसले. त्यांना वाटलं, म्हातारा-म्हातारीची थट्टा चालली आहे. हसली नाही एकच व्यक्ती, कंपनीची नवी मॅनेजरबाई. ती त्याच फेरीला पहिल्यांदा आली होती. शांतपणे पुढे झाली, जाळं उचललं, एका काजातून बोट आरपार घातलं आणि काकांच्या अंगुस्तानाकडे बघितलं. पत्रकावर छापलंय ते खरं असायला हवं, असं ती बोटीवर सगळ्यांना आधीच बजावून चुकली होती. दोर वळणाऱ्या म्हाताऱ्यालाही तिने समोर बसवून दोर वळायला लावला होता.

ती काकांना अगदी गोड आवाजात म्हणाली की पुढच्या फेरीला आमच्याबरोबर बोटीवर या, भूशिरापलीकडे देवमासा दिसतो तिथे प्रवाशांना तुम्हीच सांगा. मग काकूकडे वळून म्हणाली, तुम्हीही या. बाई हुशार. खरं कुणाच्या तोंडून निघतं ते तिने एका वाक्यात ओळखलं होतं. नाही म्हणावं तर चोरी पकडल्यासारखं, आणि हो म्हणावं तर बोट. काका हो म्हणाले.

तो आठवडा आमच्या घरात कुणाचाच धड गेला नाही. काका गच्चीवर झोपाळ्यात बसून सराव करायचे, चार झोके झाले की उतरून कठडा धरायचे. मी काकूवर भयंकर चिडले होते. तिला म्हटलं, विचारलं तर निदान गप्प तरी राहा. ती भांडी घासता घासता म्हणाली, की मी कुणाला मुद्दाम सांगायला जाणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही, या वयात कुठे शिकू. काका शेजारीच टोपीला ब्रश मारत होते. निघायच्या आदल्या दिवशी ते धक्क्यावर जाऊन ती खुर्ची स्वच्छ पुसून आले, भाड्याचं घर सोडताना लोक फरशी पुसतात तशी. काकूने ते खिडकीतून पाहिलं. मीही पाहिलं, आणि मला रडू आलं.

बोट सुटली तेव्हा काका टोपी घालून पुढच्या टोकाला ताठ उभे होते. भूशिरापर्यंत त्यांनी खिंड लढवली. पक्ष्यांच्या खडकापाशी एक वाक्यही बोलले. भूशीर ओलांडलं, मोठी लाट लागली, आणि दर्यावर्दीचा रंग पिस्त्यासारखा झाला. "मंडळी, इथेच त्या दिवशी," एवढं म्हणून ते तोंडावर टोपी धरून माझ्या स्वयंपाकघरात पळाले. मी बादली दिली. मॅनेजरबाई दारातून बघून गेली. मी म्हटलं, सकाळचं काहीतरी बाधलंय. ती म्हणाली, दिसतंय.

इतक्यात वर एकच गलका झाला. देवमासा आला होता. मी काकांना हाताला धरून उठवायला गेले, तर त्यांना मानही वर करवेना. "तू जा," ते बादलीत तोंड घालून म्हणाले, "आणि नीट बघ."

मी नीट बघितलं. म्हणून जे दिसलं तेच सांगते. पाण्यातून एक काळी पाठ वर आली, पालथ्या घातलेल्या कढईसारखी. थोडं पाणी उडालं, पाठ पुढे सरकली आणि गेली. बस्स. ना तोंड, ना शेपूट, डोळ्याचं तर नावच नाही. आमच्यातल्या एका प्रवाशाने दुर्बीण उलटी धरली होती, त्याला तेवढंही दिसलं नसेल.

काकू कठड्याला घट्ट धरून उभी होती आणि मॅनेजरबाई तिला खेटून. बाईने मोका साधला.

"तुम्ही खोटं बोलत नाही, हे मी पाहिलंय. खरं सांगा. यांनी आयुष्यात कधी देवमासा पाहिलाय?"

आजूबाजूच्यांनी कान टवकारले. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच होते. काकू पाण्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा मला माहीत आहे. खराब कापड हातात घेतलं की ती अशीच ओठ आवळून बघते. आता ही म्हणणार, झोपाळा लागतो. गेली खुर्ची. परत खाट आणि भिंत.

"बाई," काकू म्हणाली, "आजवर मलाही वाटायचं की हे थापा मारतात. आत्ता डोळा पाहिला मी त्याचा. अगदी हे सांगतात तस्सा. नवा सदरा घातलेल्या माणसासारखा. न बघता कुणाला सांगता येईल का असं?"

माझा ट्रे पडायचाच बाकी होता. माझ्या काकूने, गिऱ्हाइकाच्या तोंडावर गिऱ्हाईक घालवणाऱ्या बाईने, भर समुद्रात इतकी साफ थाप मारली होती की काकांनाही साधली नसती.

मॅनेजरबाई काही बोलणार, तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, हो हो, मीही पाहिला डोळा. त्यांच्या बायकोने तो यांच्याआधी पाहिला होता. पलीकडच्या आजोबांकडे तर देवमासा रोखूनच बघत होता म्हणे. चहा देऊन होईस्तोवर बोटीवर डोळा न पाहिलेलं कुणी उरलं नाही. उलट्या दुर्बिणीवाल्याला तो सगळ्यांत स्पष्ट दिसला होता. फोटोत सगळ्यांच्या फक्त काळा डाग आला होता, पण तो कॅमेऱ्याचा दोष ठरला. मॅनेजरबाई बराच वेळ काकूकडे बघत होती. मग चहाचा पेला उचलत म्हणाली, की आता आठवतंय, मलाही काहीतरी चमकल्यासारखं वाटलं होतं.

खाली येऊन तिने स्वयंपाकघरात डोकावलं. काका बादलीशेजारी जमिनीवर बसले होते, टोपी मांडीवर. सगळं संपलं असं समजून त्यांनी ती टोपी परत करायला पुढे केली. बाईने घेतली नाही.

"खुर्ची तुमचीच आहे," ती म्हणाली. "फक्त ते अंगुस्तान घरी ठेवून येत जा."

ती गेल्यावर काकांनी मला विचारलं, वर झालं तरी काय. मी वर काय झालं ते सगळं सांगितलं. काकू शेजारी बसून ओल्या रुमालाने त्यांचा चेहरा पुसत होती, जरा जास्तच जोरात. काकांनी तिचा हात धरला आणि मी ऐकू नये इतक्या हळू विचारलं, पण मी ऐकलं.

"अगं, खरंच डोळा दिसला?"

काकूने रुमाल पिळला, घडी घातली, पुन्हा त्यांच्या कपाळावर ठेवला.

"दिसला असता तर तसाच असता," ती म्हणाली. "आता पडून राहा."