सबाने आज मला थांबवलं

मित्रांनो, मी रेडिओलॉजी शिकवतो. आज दुपारी माझ्याच विद्यार्थिनीने मला थांबवलं.

कंधारहून एक बाई पोटदुखी घेऊन आली होती. सोनोग्राफीत मला काही विशेष दिसलं नाही. मी रिपोर्ट लिहायला घेतला, तेवढ्यात आमची दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर सबा म्हणाली, "सर, पाळीबद्दल मी एकदा विचारू?"

पाळी चुकली का, हे मी आधीच विचारलं होतं. बाई नाही म्हणाली होती. तरी मी बाहेर थांबलो.

बाई सबाला म्हणाली, "सरांसमोर कसं सांगू? दीड महिना झाला, आली न्हाई."

सबाने पुन्हा नीट तपासलं. गर्भ गर्भाशयात नव्हता, बीजनलिकेच्या नळीत अडकला होता. नळी फुटायच्या आत ऑपरेशन झालं. बाई आता बरी आहे.

रिपोर्टवर मी आधी सबाचं नाव लिहिलं, मग माझं.

तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या कुणी तुम्हाला असं कधी थांबवलंय का?