सत्तावीस पोरांचं मीठ

वर्गात पोरं किती, यावरून कोणतं मीठ शिकवायचं ते ठरवणारा माणूस साऱ्या सोलापूर जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे मंद्रूपच्या आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर. आयनिक बंध फळ्यावर शिकवणं त्यांना पाप वाटतं. मैदानात फक्कीची वर्तुळं आखून ते नववीच्या पोरांनाच इलेक्ट्रॉन करतात. सोडियमला अकरा, क्लोरीनला सतरा. सोडियमचं केंद्रक ते स्वतः, क्लोरीनचं मी. मी मराठीचा मास्तर, तरी भर उन्हात तासभर उभा, आणि पाणी मागितलं तर ‘केंद्रक हलत न्हाय, सर,’ असं उत्तर मिळतं. मग सोडियमच्या बाहेरच्या कड्यातलं एकुलतं एक पोर धावत येऊन क्लोरीनच्या बाहेरच्या कड्यातल्या सातांत शिरतं, आठ पुरे होतात, दोन्ही वर्तुळं एकमेकांना चिकटतात आणि सर ‘झालं मीठ!’ अशी आरोळी ठोकतात की रस्त्यानं जाणारे थांबून बघतात. पोरं वीसच असली तर सोडियम फ्लोराइड, छत्तीस असली तर पोटॅशियम क्लोराइड. एकही पोर कडेला बसता कामा नये, हा त्यांचा हट्ट.

यंदा पटावर बरोबर अठ्ठावीस होते, पण येत होते सत्तावीस. एका मुलीला धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं होतं. आई मजुरीला जायची. मी म्हटलं, “सत्तावीसचं दुसरं एखादं मीठ बघा की.” सरांनी अख्खी मधली सुट्टी कागदावर आकडेमोड केली आणि पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, “विषम आकड्याचं मीठ बसतच न्हाय. कायबी करा, एक पोर उरतंच.”

शाळा सुटल्यावर मला गाडीवर मागं बसवून ते तिच्या घरी गेले. आई म्हणाली, “मास्तर, मिठाला माजी पोरगी कशाला लागती? आन् ह्याला कोन सांबाळंल?”

“मी,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोडियमचं केंद्रक कडेवर पोर घेऊन उभं होतं. मुलगी अशी धावली की चप्पल मागंच राहिली.

पुढं महिनाभर ती रोज आली. भाऊ सरांच्या टेबलाखाली खडू चघळत बसायचा. मग आईला सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागेत काम मिळालं आणि तिघंही गेली. सर अजून हजेरीला तिचं नाव घेतात आणि थोडं थांबतात.

“नाव कमी करा आता,” मी एकदा म्हणालो.

“परत आली तर तिला हितं जागा मागायला लागू नये,” ते म्हणाले.

इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो, याची तेव्हा लाज वाटली. आता माझ्या तासालाही मी ते नाव घेतो.