उसनी धार

"आपली धार आपण लावाची, उसनी मागाची नाय," हे विठूचं रोजचं बोलणं.

करंजाच्या कोळीवाड्यात जन्मला, पण समुद्र त्याला मानवला नाही. बोटीत पाय ठेवला की पोट ढवळायचं. म्हणून तो पनवेलला आला, लोखंड कातायच्या लेथवर उभा राहिला आणि बोटींचेच शाफ्ट, पंखा फिरवणारे दांडे, घडवत राहिला. लोखंड कापायचं टूल म्हणजे बोटाएवढा पोलादाचा तुकडा. विठू तो ग्राइंडरवर घासायचा, उजेडात धरायचा, पुन्हा घासायचा. शेजारच्या लेथवरच्या गोरखनं एकदा ते मागितलं. विठू चारचौघांत म्हणाला, "उद्या बायको मागशील!" सगळे हसले. गोरखही हसला, पण विसरला नाही.

लोडशेडिंगचे दिवस होते ते. धाकट्या भावाची, कान्हाची बोट शाफ्टासाठी अडली होती, आणि उद्या पहाटेच्या भरतीला मोसमातली पहिली फेरी. शाफ्टाच्या टोकाला, पंख्याचा नट बसतो तिथं, आटे पाडता पाडता विठूच्या टूलचं टोक उडालं. ग्राइंडरचा दगड आदल्याच दिवशी तडकलेला. वर्कशॉपच्या मालकानं आणलेलं पाकिटातलं नवं टूल या आट्यांना चालेना. साडेतीन होत आले होते. चारला वीज जायची, ती रात्री उशिरा यायची; मग शाफ्ट नेऊन बसवायला वेळ उरला नसता.

गोरखनं आपलं टूल तळहातावर पुढे धरलं. त्याच आट्यांचं, धार लावलेलं.

"घे. फक्त एकदा माग."

विठू शाफ्ट आवळून धरणाऱ्या चकाकडे बघत राहिला.

"दादूस, माग ना रे!" शाफ्ट न्यायला आलेला कान्हा रडकुंडीला आला. "सगल्यांच्या बोटी जातील, आपली काठावर बसंल."

"उसन्या धारेनं माझ्या शाफ्टावर आटे नाय पडाचे."

"बोटीला काय कलतंय टूल कोनाचा हाय ते!"

गोरख फिस्सकन हसला. विठूचे कान लाल झाले.

"नदीपल्याड करंजाड्याला ग्रिलवाल्याकडं ग्राइंडर हाय. घासून येतो."

"येशील तवा लाईट गेलेली असंल!"

"शाफ्टाला हात लावाचा नाय. चकातून निघाला तर आटे परत जुलाचे नाय."

कान्हाला वाटलं, तोच शाफ्ट उपसावा आणि याच्या पाठीत घालावा. पण मोठा भाऊ. तो नुसता दात खात उभा राहिला.

मोडकं टूल मुठीत आवळून विठू निघाला. समोर उभ्या रिक्षाकडेही त्यानं पाहिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी त्याचा तेलकट सदरा दिसेनासा होईपर्यंत कान्हा बघत होता. त्याच्या मागं गोरखही बघत होता, पुढे केलेला हात तसाच ठेवून.