एका गालाची हळद

ओल्या हळदीचा वास आला की मला उरणकडचा, मामाच्या लग्नाचा मांडव दिसतो. मागच्या अंगणात मटण शिजत होतं, पुढे बँजो वाजत होता, आणि मामाला लावून उरलेली उष्टी हळद बायका बिनलग्नाच्या मुलींना लावत होत्या, म्हणजे त्यांचंही लवकर जमेल. मीही गाल पुढे करून उभी राहिले. पाहुण्यांतल्या एका बाईने विचारलं, "ही कोनाची?" थोरली मावशी म्हणाली, "आमच्या बहिनीची. बाप बोटीवरचा हबशी व्हता, सोडून गेला." माझे वडील केनियाचे होते, आणि ते सोडून गेले नव्हते, आजोबांनी त्यांना दारातून हाकललं होतं. मावशीने वाटीत बोटं बुडवली आणि थांबली. "अर्धी आपली हाय ना, मंग अर्धीच लावते," म्हणत तिने माझा फक्त डावा गाल माखला. सगळा मांडव हसला. वाटी धरून आई शेजारीच उभी होती. तिला त्याच घरात राहायचं होतं. तीही हसली, आणि मला हळूच म्हणाली, "पुसू नको, लोक बघतात." तो पिवळा गाल घेऊन मी पंगतीत भाकऱ्या वाढत फिरले. परवा आई ओट्यावरून पडली, गुडघा फुटला. रक्त थांबावं म्हणून मी हळद घेऊन बसले. "अर्ध्यालाच लावलीस गं," ती कळवळून म्हणाली. मी डबी बंद केली.