मित्राला कोणी नवस बोलत नाही

रेव्हरंड शांतवनराव भिंगारदिवे यांना मी पाहिले त्याआधी ऐकले. पन्नास सालानंतरचे ते दिवस. नगरहून बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात तपासनीस म्हणून मी नुकताच आलो होतो, मल्लेश्वरममध्ये दोन खोल्या घेतल्या होत्या, आणि इथल्या मूठभर मराठी ख्रिस्ती कुटुंबांची उपासना एका तमिळ चर्चच्या मागच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी भरते एवढे कळले होते. उशीर होईल या धास्तीने मी फार आधी जाऊन पोहोचलो. मला ओळखणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. आत कोणी तरी बोलत होते. “काल तू मला भलतंच अडचणीत टाकलंस. त्या बाईंना मी काय उत्तर द्यायचं होतं? आता तूच सांग.” दोघांचे काही खासगी चालले असावे म्हणून मी बाहेर ताटकळत उभा राहिलो. शेवटी राहवेना, डोकावलो, तर एकटेच गृहस्थ बाके पुसत होते. मला पाहून म्हणाले, “या, या. आमचं बोलणं होतच आलंय.”

खरे सांगतो, मी घाबरलो. प्रार्थना आमच्याही घरी होत असे, पण ती खाली मान घालून, शब्द तोलून. माझे काम कारखान्यात सुटे भाग गेजमध्ये घालून पाहण्याचे. बसला तर पुढे, नाही तर भंगारात. देवाच्याही हातात असेच एखादे गेज असणार आणि एक ना एक दिवस आपण त्यात बसणार नाही, ही धाकधूक मला लहानपणापासून होती. आणि इथे आमचे नवे पाळकसाहेब हातात फडके घेऊन देवाला जाब विचारत होते!

शांतवनराव येथील एका धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात शिकवीत आणि आमची मंडळी सांभाळीत. मंडळी म्हणजे किती? कोणाची बदली झाली की दोन बाके रिकामी होत. तरी त्यांनी पेटी-तबल्यावरची मराठी भजने सुरू केली, मुलांना घरची भाषा वाचायला शिकवले, आणि जयनगरात नवी घरे झाली तशी तिकडे पांगलेली कुटुंबे सायकलवरून जाऊन धरून ठेवली. त्यांच्या प्रवचनांत एक विषय फिरून फिरून येई. येशूने आपल्या शिष्यांना नोकर म्हटले नाही, मित्र म्हटले. धन्याच्या मनात काय आहे हे नोकराला ठाऊक नसते. मित्रापाशी मन उघडे केलेले असते. अब्राहामाला तर शास्त्रात देवाचा मित्रच म्हटले आहे, आणि एका पापी नगरासाठी तो देवाशी घासाघीस करीत उभा राहिला, देवाने ती ऐकूनही घेतली.

मला हे पटत नसे. मंडळीचा चिटणीस या नात्याने मी एकदा धीर करून म्हणालो, “साहेब, मित्र म्हटलं की धाक सुटतो. लोक शेफारतील.”

“धाक सुटतो खरा,” ते म्हणाले. “पण साहेबाचा हुकूम मोडला तर मेमो येतो. मित्राचा शब्द मोडला तर झोप येत नाही. कुठलं जड?”

हे नुसते बोलणे नव्हते. एका सभेत ते एका गृहस्थांना जरा टाकून बोलले. त्याच संध्याकाळी पाऊस कोसळत असता सायकल काढून जयनगरला निघाले. मी आडवा आलो. रस्ता खराब, छातीत गारठा बसेल, काय काय सांगितले. “उद्या जा की!” ते म्हणाले, “उद्या कसा जाऊ? माझा मित्र आत्ता विचारतोय.” गेले, क्षमा मागितली आणि चिंब होऊन परत आले. त्यांना काही झाले नाही. काळजीने डोके माझे दुखले.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण माझ्या चिंतेला कारण होते. आम्ही बंगळूरला आलो त्याच वर्षी माझी एकुलती मुलगी कृपा विषमज्वराने आजारी पडली. चार वर्षांची होती. डॉक्टर आशा सोडल्यासारखे बोलले. शेजारच्या राधाक्का, त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या याच मुलुखात राहिलेले मराठी, तांदळाची पेज घेऊन येत आणि उशाशी बसत. “स्वल्प घे ग, राणी, स्वल्पच,” म्हणून चमच्याने भरवीत. शांतवनराव रोज येत. आणि माझ्या आईने, कोणाला न विचारता, नवस बोलला.

आई बाप्तिस्मा झालेली, उपास-प्रार्थना चुकवीत नसे. पण तिचे बालपण खेड्यात गेलेले, आणि नवस तिथल्या पाण्यातच होता. देवळातला देव गेला, नवस राहिला. ती प्रभूला म्हणाली, “पोरगी वाचव. वाचली तर तुझीच. लगीन करायची न्हाई, तुझ्या कामाला लावीन.” कृपा वाचली. आम्ही आनंदाने रडलो आणि आईने आम्हाला आपला शब्द सांगितला.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता कशी ती नाही. मूल खोकले की मी दचकून उठे. देवाची ठेव आपल्या घरात आहे, तो कधीही न्यायला येईल! पुढे कृपा कॉलेजात गेली, पदवीधर झाली. मंडळीतल्याच एका सुशील मुलाकडून मागणी आली, तिलाही तो पसंत होता. मी आणि माझी पत्नी होकार द्यायला उतावीळ, आणि आई उंबऱ्यात बसून म्हणे, “ती देवाची हाय. देवाच्या ताटातलं उचलून दुसऱ्याला वाढतोस व्हय?” होकार दिला तर देव मुलगी नेईल, न दिला तर तिच्या आयुष्याची माती मीच करीन. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी पत्नीच्या आग्रहाने साखरपुड्याचा दिवस ठरवला. आणि तो तोंडावर आला असता कृपाला ताप भरला.

आई एवढेच म्हणाली, “बघ. आला मागायला.”

मी शांतवनरावांच्या घरी गेलो. काय बोललो ते आठवत नाही, रडलो हे आठवते. ते जेवायला बसत होते. ताट तसेच ठेवून माझ्याबरोबर निघाले.

भर दुपार होती. राधाक्का कृपाच्या कपाळावर पट्ट्या ठेवीत होत्या. शांतवनराव आधी आजारणीपाशी गेले आणि आमच्यापैकी कोणी इतक्या वर्षांत विचारले नव्हते ते त्यांनी विचारले. “बाळ, तुला काय वाटतं?”

कृपा तापातच म्हणाली, “काका, देवाचं काम मला नको असं नाही. शाळेत शिकवीन, मंडळीत शिकवीन. पण भीतीपोटी नको. माझ्या बदल्यात मीच, हा कसला व्यवहार?”

मग ते आईजवळ खाली बसले. “मावशी, मागच्या आजारात राधाक्का इथं बसून होत्या. नंतर त्यांनी काय मागितलं?”

“ती कशाला काय मागंल? मैत्रीण हाय माझी.”

“मग देव राधाक्कांपेक्षा हलका का?”

राधाक्का गडबडल्या. “अय्यो, साहेब! माझं नाव कशाला त्यात घालता?”

आई मात्र बधली नाही. तिची मान ताठ झाली आणि जे मंडळीत कोणी कधी तोंडावर आणत नसे ते ती बोलली. “साहेब, तुमचा पोरगा गेला. तुम्ही नवस बोलला नव्हता. म्हणून गेला.”

मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. शांतवनरावांचा मुलगा ते बंगळूरला येण्यापूर्वी, सहा वर्षांचा होऊन वारला होता. त्यांच्या घरी त्याचा फोटो आहे. आम्ही सगळे त्याच्याकडे न बघता चहा घेत असू. मी “आई!” म्हणून ओरडलो. त्यांनी हाताने मला थांबवले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

“नव्हता बोललो, मावशी,” ते म्हणाले. “नुसतं मागितलं होतं. त्यानं दिलं नाही. का, ते मला आजही माहीत नाही. मी वर्षभर त्याच्यावर रुसलो होतो. रविवारी उपासना चालवायचो, घरी आलो की अबोला. दारं लावून घ्यायचो. तो गेला नाही हो. बसून राहिला. रागावला नाही, घाई केली नाही. मालक असता तर वर्षभर असला नोकर ठेवला असता? त्या वर्षी मला कळलं मी कोणाशी बोलतोय ते. त्याचाही मुलगा मेलाय, मावशी. वसुलीला पोरं नेणारा तो नव्हे.”

मग त्यांनी आईचा हात हातात घेतला. “तुम्ही शब्द दिलाय, तुम्हाला तो जड झालाय. चला, आपण त्यालाच विचारू.” आणि डोळे न मिटता, समोर कोणी बसले असावे तसे, ते म्हणाले, “हिनं घाबरून तुला शब्द दिला. तुझी ओळख नव्हती म्हणून दिला. तो तिला परत दे. आणि या घराकडून तुझं काही येणं राहिलं असेल, तर ते माझ्याकडे माग.”

असे कोणी बोलते? नेहमीप्रमाणे मला पहिली भीती हीच वाटली की आता यांनाच काही तरी होईल.

यात चमत्कार काही झाला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. ताप उतरायला लागायचे तेवढे दिवस लागले. डॉक्टर म्हणाले, साधा हिवताप आहे. आई त्या दिवशी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. कृपा उठून बसू लागली तेव्हा तिच्याजवळ जाऊन पुटपुटली, “लवकर बरी हो. साडी बघायला जायचं तर त्या दुकानाच्या पायऱ्या चढाव्या लागत्यात.” साखरपुडा पुढे ढकलला होता, तो झाला. लग्न शांतवनरावांनीच लावले. कृपा आज शाळेत शिकवते, रविवारी मंडळीतल्या मुलांना शिकवते, आणि तिचा मुलगा खोकला की मी अजूनही दचकतो. स्वभावाला औषध नाही. पण आता दचकल्यावर कोणाकडे जायचे हे मला ठाऊक आहे, आणि मान खाली घालून नव्हे.

शांतवनराव यंदा साठ वर्षांचे होत आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि आमच्या मंडळीचे तोंडचे पाणी पळाले. मी इस्पितळाच्या व्हरांड्यात येरझारा घालीत होतो. “याला वाचव, मी अमुक करीन, तमुक सोडीन,” असे शब्द माझ्या ओठांशी आले. ते “माझ्याकडे माग” म्हणाले होते. देवाने ते मनावर तर घेतले नसेल? घरी आलो तर आई अंथरुणावर बसून पुटपुटत होती. म्हातारीने आता कोणाला बोलून ठेवले? कृपाच्या मुलाला?

“आई, काय कबूल केलंस त्याला?”

“काय बी न्हाई,” ती म्हणाली. “त्याला म्हनलं, तुझा दोस्त तुला हवा असंल, पर आमाला बी हवा हाय. राहू दे की अजून. द्यायला माज्यापाशी काय बी न्हाई.”

शांतवनराव बरे होऊन आले. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे यासाठी मीही आईच्याच शब्दांत मागतो. बदल्यात काही देऊ करीत नाही. हात रिकामे आहेत, भीतीही गेलेली नाही, पण मी मागतो आहे.