मिस्टर एझेलची लासाल

आता सगळेच मेले, म्हणून सांगते. तो शेरीफ मेला, लोरीन मेली, माझा भाऊ होझे शिकागोत वारला त्यालाही तीन वर्षं झाली. इतकी वर्षं मी तोंड दाबून बसले, आणि मला ओळखणारे सांगतील, इडेलाला ते कधी जमत नाही.

मिस्टर एझेल ब्रॉडनॅक्स आमच्या मिलरिजच्या काळ्या लोकांच्या वस्तीत मयताचं सगळं बघायचे. कुणी गेलं की पेटी, आंघोळ, कपडे, मयताची गाडी, सगळं त्यांच्याकडे. मेलेल्या बायकांचे केस मात्र मी करायची. जिवंत बायकांचेही मीच करायची, त्यामुळे गावातली एकही गोष्ट माझ्या कंगव्यातून निसटत नसे. मिस्टर एझेल उंच, वाकलेले, अगदी हळू बोलणारे. त्यांना चिडवलं तरी ते चिडत नसत, आणि मला त्याचाच राग यायचा.

चर्चमध्ये आमचं मयत मंडळ होतं. दर रविवारी तिथे नाणं टाकायचं, म्हणजे आपली पाळी आली की शोभेने जाता येतं. एकोणीसशे अडतीस साली त्यांची जुनी गाडी मोडली तेव्हा मंडळाने एकमताने ठरवलं की आता कॅडिलॅक. त्या सभेत सगळ्यात जास्त बोलले ती मी. जन्मभर खेचरामागून चालतो, मी म्हणाले, निदान शेवटचा एक मैल तरी गोऱ्यांची मयतं बघणाऱ्या मिस्टर हॅडलीकडे आहे तसल्या गाडीतून जाऊ द्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मिस्टर एझेल टोपी हातात फिरवत बसले होते. ते अटलांटाला गेले आणि चौथ्या दिवशी लासाल घेऊन आले.

लासाल म्हणजे त्याच घरची धाकटी. कारखाना तोच, पत्रा तोच, काळा रंगही तोच. नाक जरा अरुंद आणि नाव हलकं. सगळी वस्ती चर्चसमोर जमली होती, लहान मुलींच्या केसांत फिती बांधून आणल्या होत्या. गाडी वळणावरून आली आणि सगळे तिच्या नाकाकडे बघत राहिले. मग मी बोलले. म्हणाले, "मिस्टर एझेल, थोरलीला मागणी घालायला गेलात आणि धाकटी घेऊन आलात की हो." जो हशा उसळला तो मला अजून ऐकू येतो. त्यांची बायको लोरीन पायरीवर नवा हातमोजा घालून उभी होती. ती आत निघून गेली.

त्यांनी कारण सांगितलं नाही. मंडळाचे उरलेले पैसे परत मंडळात टाकले आणि गाडी पुसायला घेतली. त्यानंतर मी त्यांना भेटेन तिथे एकच प्रश्न विचारायची, "काय मिस्टर एझेल, थोरली कधी आणताय?" सगळी वस्ती तेच विचारायला लागली.

माझी मजल तिथेच थांबली नाही. पुढच्या वर्षी जुन्या गाड्यांच्या भंगारात मला कॅडिलॅकच्या नाकावरची ती पंख पसरलेली चकचकीत धातूची बाई सापडली. जुलैत पार्थेनियाआजी गेल्या, आमच्या चर्चमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांना नदीपलीकडे, त्यांच्या जन्मगावी पुरायचं होतं. मी आमच्या लोहाराला गाठलं आणि मिस्टर एझेल आत पेटीला खिळे ठोकत असताना ती बाई लासालच्या नाकावर बसवून घेतली. म्हटलं, आजी तरी मोठ्या गाडीतून जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघायची होती.

आणि त्याच संध्याकाळी होझेने कापसाच्या गिरणीवर गोऱ्या मुकादमाचा चाबूक हवेत धरला. नुसता धरला नाही, हिसकावला. मुकादम धक्क्यावरून खाली पडला आणि त्याचा हात मोडला.

गोऱ्याला पाडणाऱ्या काळ्या पोराचं आमच्याकडे काय होतं हे मी कुणाला समजावून सांगत बसणार नाही. होझे बावीस वर्षांचा होता, आई गेल्यापासून मीच वाढवलेला. माझ्या घरात पिठाच्या पिंपामागे तो बसला होता आणि त्याचे दात वाजत होते, जुलै महिन्यात. सकाळपर्यंत नदीच्या पुलावर शेरीफचा डेप्युटी बसल्याचं कळलं. ट्रक, गाडी, बैलगाडी, सगळं तपासून सोडत होते. मला एकच दार सुचलं, आणि ते दार कुणाचं होतं हे वाजवताना मला कळत होतं.

मिस्टर एझेलनी सगळं ऐकून घेतलं. एक शब्द लावून बोलले नाहीत. "त्याला मागच्या गल्लीने आण," म्हणाले, "आणि तू काळे कपडे घालून ये. आजींची नात म्हणून पुढे बसायचं." आजींना त्यांनी हाताने उचलून परत फळीवर, बर्फावर ठेवलं आणि त्यांची माफी मागितली. पेटीच्या तळाला गिरमिटाने भोकं पाडली. माझा भाऊ आत शिरला तेव्हा त्याने माझं मनगट असं धरलं होतं की सोडवायला दोघं लागलो.

आम्ही गावाबाहेर पडलो. पुलाला दोन मैल उरले असताना मी समोर बघितलं आणि उन्हात ती पंखांची बाई लखलखताना दिसली. गडबडीत मीही विसरले होते, आणि गाडी मागच्या दाराने भरल्यामुळे त्यांचंही लक्ष गेलं नव्हतं. मी बोट दाखवलं. त्यांनी पाहिलं, वेग तसाच ठेवला. थांबलो तर लांबून दिसलं असतं. वाट सरळ होती आणि मागे कापूसवाल्यांचे ट्रक लागले होते.

"माझ्या भावाने बग्गी घेतली होती," ते तशाच हळू आवाजात म्हणाले. "जज्जसाहेबांच्या बग्गीपेक्षा वीतभर उंच. एका रात्री गोरे त्याला घेऊन गेले. तो मला परत मिळाला तेव्हा मी त्याला बुटांवरून ओळखलं. पहिली आंघोळ मी घातली ती त्याला. तेव्हापासून हे काम करतो." मग म्हणाले, "तू रड आता. थांबू नकोस."

वर्षभर मी ज्याची थट्टा केली त्याचं कारण मला कळलं ते असं, पूल समोर दिसत असताना.

डेप्युटीने हात केला. तो आधी पेटीकडे आलाच नाही, सरळ नाकाकडे गेला. ती बाई पाहून त्याचा चेहरा बदलला. "एझेल, आमची आई मिस्टर हॅडलीच्या कॅडिलॅकमधून गेली," तो म्हणाला. "आता तुमचीही जायला लागली का रे?"

मिस्टर एझेल खाली उतरले, टोपी काढली आणि हसले. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खांदे पाडून, दात दाखवून, मूर्खासारखं. "नाही साहेब, कुठली कॅडिलॅक. लासाल आहे ही, धाकटी. आमच्या बायकांनी भंगारातली बाहुली आणून चिकटवली. थोरली परवडली नाही ना साहेब, मग नाक तरी थोरलीचं."

डेप्युटी खो खो हसला. पुलावरच्या दुसऱ्याला हाक मारून त्याने तेच पुन्हा बोलायला लावलं. मग मागच्या ट्रकांवरच्या आमच्या वस्तीतल्या लोकांना ऐकू जाईल असं तिसऱ्यांदा. मग ती बाई हाताने उपटून काढायला लावली. लोहाराने घट्ट बसवली होती. तापलेला पत्रा, ते दोन्ही हातांनी ओढतायत, तळव्यातून रक्त येतंय, आणि हसतायत. पेटीतून खोकला आला. मी इतक्या मोठ्याने आजींच्या नावाने टाहो फोडला की डेप्युटीने कानावर हात ठेवला. अर्धा तास. जुलैच्या उन्हात, बंद पेटीत, माझ्या हौसेपायी अर्धा तास. देवा, मला घे, त्याला सोड, एवढंच मी म्हणत होते.

बाई निघाली. डेप्युटीने ती खिशात घातली. गाडीच्या मागच्या काचेवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "जा, तुझी धाकटी घेऊन जा." पेटी उघडायचं त्या हसण्यात राहूनच गेलं.

पलीकडे चर्चच्या मागे झाकण काढलं तेव्हा होझेचे ओठ निळे होते. मिस्टर एझेलनी ते रक्ताळलेले हात त्याच्या छातीवर दाबले, पाणी मारलं, परत दाबलं. बऱ्याच वेळाने त्याने श्वास घेतला. त्याच दुपारी तो खरबुजांच्या ट्रकमधून उत्तरेला गेला. आजींना आम्ही आठवड्याने, लांबच्या वाटेने नेऊन पुरलं.

परतताना मी त्यांचे पाय धरायला गेले. त्यांनी मला उठवलं. "उद्यापासून तू मला पूर्वीसारखंच बोलायचं," म्हणाले. "आज पुलावर जे झालं त्यावरही बोलायचं. तू एकटी गप्प झालीस तर लोक विचार करतील, आणि लोकांचा विचार शेरीफच्या घरी जातो. मी जिवंत आहे तोवर थांबायचं नाही. कबूल?"

मी कबूल केलं. आम्ही घरी पोचायच्या आधी ट्रकवाल्यांनी गोष्ट पोचवली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या केसांच्या दुकानात बायका पोट धरून हसत होत्या आणि मी त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने. थोरलीचं नाक गेलं हो, मी म्हणत होते. लोरीनने ऐकलं. तिने मंडळात यायचं सोडलं, मग चर्चच्या गायनातही यायचं सोडलं. मिस्टर एझेलनी तिलाही काही सांगितलं नाही. लासालच्या नाकावर दोन भोकं राहिली होती, ती त्यांनी कधी बुजवली नाहीत. बारा वर्षं मी त्या माणसाला भर रस्त्यात टोचत आले आणि तो टोपी उचलून पुढे जात राहिला. घरी येऊन मी उशी चावायची.

एक्कावन्न साली ते झोपेतच गेले. तोपर्यंत त्यांच्या पुतण्याने धंदा हातात घेतला होता आणि मंडळाची कॅडिलॅक आली होती. तो डेप्युटी आता स्वतः शेरीफ झाला होता, म्हणून माझं तोंड अजून बांधलेलंच होतं. त्यांचे केस करायला दुसरं कुणी नव्हतं. लोरीनने मला बोलावलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

खोलीत ते आणि मी दोघंच होतो. तळव्यांवर ते जुने वण होते. मी केस विंचरले, भांग पाडला. बारा वर्षं एक वाक्य मी साठवून ठेवलं होतं, मिस्टर एझेल, माझा भाऊ जिवंत आहे तो तुमच्यामुळे. ते सांगायला मी त्यांच्या कानाशी वाकले आणि मागे दार वाजलं. लोरीन होती. माझ्या जिभेला दुसरं काही येतच नव्हतं.

"काय मिस्टर एझेल," मी म्हणाले, "आली की नाही शेवटी थोरली?"

लोरीनने माझ्या हातातून कंगवा काढून घेतला आणि मला दार दाखवलं. मी बाहेर पडले.