भोंग्याच्या आधी, बारवेवर

माझ्या डाव्या घोट्याला नारू निघाला तेव्हा सेलूच्या जिनात कापसाचा हंगाम संपायला दीड महिना राहिला होता. राज्य निजामाचं होतं. साल विचाराल तर मला सांगता येणार नाही.

आताच्या पोरांना नारू माहीत नाही, म्हणून सांगते. आधी पायाला फोड येतो. निखारा ठेवल्यासारखी आग होते. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा तोंड काढतो. चांगला दोन हात लांब असतो. तो ओढायचा नसतो. तुराटीच्या काडीला रोज बोटभर गुंडाळायचा आणि काडी चिंधीने पायाला बांधून ठेवायची. तीन-चार आठवडे हेच. ओढला तर तुटतो, तुटलेला तुकडा आत कुजतो आणि पाय आखडून जातो. तसे आखडलेले पाय घेऊन फिरणारी माणसं आमच्या गल्लीतच होती. मला त्यांच्यात जायचं नव्हतं.

नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता. घरात मी आणि सहा वर्षांची मुलगी. जिनात मी सरकी काढायच्या मशीनला कापूस घालायचे. ते काम उभ्याने. मुकादमाने पहिल्याच दिवशी पायाची चिंधी पाहिली.

"काय झालं गं पायाला?"

"काटा मोडला."

"काट्याला काडी बांधत्यात व्हय?" तो म्हणाला. "उभी ऱ्हातीस तवर ऱ्हा. बसलीस की दुसरी हाय."

सरकारी दवाखाना मी सकाळच्या भोंग्यावर जिनात गेल्यावर उघडायचा आणि बाहेर यायच्या आत बंद व्हायचा. त्याची सुट्टी शुक्रवारी जुम्म्याला, आमच्या जिनाचीही जुम्म्यालाच. तो दवाखाना मी आतून कधी पाहिला नाही.

गल्लीच्या टोकाला एका वाण्याची म्हातारी राहायची. नारू झालेल्या बायका दुपारची जेवणं झाली की तिच्या ओट्यावर जमायच्या. म्हातारी काही औषध देत नव्हती. ती एकेकीची काडी बघायची, आज इथवर, आता बास, असं सांगायची. खरं काम बायका एकमेकींचं करायच्या. नारूला एकटीने बसलं की आगीपायी हात ओढायलाच जातो. म्हणून एकीने गुंडाळायचं आणि दुसरीने तिचा हात धरायचा. मला तो हात धरणारी बाई पाहिजे होती, आणि दुपारी मी जिनात.

एका जुम्म्याला मी ओट्यावर गेले. चौघी बसल्या होत्या.

"मावशी, तुमी दुपारी बसता," मी म्हातारीला म्हणाले. "मला सुट्टी न्हाई."

"मग सांजंला ये."

"सांजंला दिसत न्हाई. किडा कोन्ता, चिंधीचा दोरा कोन्ता, कळंना."

शेजारची कुंभारीण हसली. तिच्या दोन्ही पायांना नारू होता, तरी ती हसायची. "घ्या! आता नारूला बी हिच्या भोंग्याची वेळ सांगा गं बायांनो."

सकाळी कुणाला सवड नव्हती. झाडलोट, चूल, पाणी. पण उजाडताच सगळ्या पाण्याला बारवेवर यायच्याच. पायऱ्या उतरून खाली गेलं की हाताला पाणी लागायचं, अशी ती विहीर. मीच म्हणाले, "बारवेवर बसू. पान्यात पाय धरला की आग थांबती, किडा बी ढिला पडतो. भोंग्याच्या आत मोकळ्या."

चौघींनी माना हलवल्या. म्हातारी तेवढी बोलली.

"माजी सासू नारूवालीला बारवेच्या पायऱ्या उतरू देत नव्हती."

"का?"

"का ते तिनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई."

"इटाळ म्हनत आसंल," मी म्हणाले. "आमाला काय हौसंनं झालाय का?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना काठी टेकत म्हातारीही बारवेवर आली.

तिथे बसण्यात सुख होतं, ते नाकारत नाही. शेवटच्या पायरीवर बसून पाचही जणी पाय पाण्यात सोडायचो. दिवसभरात तेवढाच वेळ पाय आपला वाटायचा. पलीकडून बाकीच्या बाया घागरी बुडवायच्या. आमच्या घागरी आम्हीही तिथेच भरायचो. कुंभारीण माझा हात धरायची आणि सासूपासून मुकादमापर्यंत सगळ्यांना शिव्या द्यायची. एकदा आम्ही अर्ध्यावर असताना पहिला भोंगा झाला आणि माझा हात घाईने ओढायला गेला. तिने मनगटावर सणकन मारलं.

"सोड! जिन तुज्या बापाचं हाय का?"

मी सोडला. त्या दिवशी उशीर झाला, मुकादम बोलला. पण किडा तुटला नाही. बाविसाव्या दिवशी सबंध बाहेर आला. काडीसकट चुलीत घातला. हंगाम संपेपर्यंत मी उभी राहिले. पाय राहिला, काम राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीत घराआड नारू निघाला. आम्हाला नवल वाटलं नाही. कधी कमी, कधी जास्त, असंच असतं म्हणायचो. बारवेवर खालच्या पायरीला जागा पुरेना. आमच्या घरात या वेळी मुलीला निघाला, गुडघ्याच्या मागच्या बाजूला.

मला सगळं येत होतं. सकाळी तिला बारवेवर न्यायचे, पाण्यात बसवायचे, गुंडाळायचे, काडी बांधायचे. हात कुंभारीण धरायची. मग भोंगा झाला की मी जिनात आणि ती दिवसभर घरी. "हात लावायचा न्हाई" असं रोज बजावून जायचे. नवव्या की दहाव्या दिवशी संध्याकाळी आले तर ती दारात बसलेली. हातात काडी.

"आई, निघाला," ती म्हणाली. खूश होती.

काडीवर वीतभर होता. बाकीचा आत.

तिसऱ्या दिवशी गुडघा मडक्याएवढा सुजला. पू महिनाभर वाहत होता. मग जखम भरली आणि पाय वाकडाच राहिला. पुन्हा सरळ झाला नाही.

निजामाचं राज्य गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आरोग्य खात्याचा एक माणूस गल्लीत आला. बारवेत औषध टाकलं, खाली उतरायचा रस्ता भिंत घालून बंद करायला लावला. त्याने सगळ्यांना समजावलं. नारूचा पाय पाण्यात गेला की किडा पाण्यात पिलं सोडतो. ती डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यातले बारीक जीव त्या पिलांना खातात, ते पाणी माणूस पितो, आणि वर्षाने त्याच्या अंगातून नारू निघतो.

मी विचारलं, "नारूवाल्या बाया बारवंत उतरल्याच नसत्या, वट्यावर बसल्या असत्या तर?"

"तर पाणी खराब झालंच नसतं," तो म्हणाला आणि पुढच्या गल्लीत गेला.

म्हातारी तोवर मेली होती. तिच्या सासूचं खरं होतं, हे तिला सांगायचंही राहिलं. बारवेची गोष्ट मी काढली होती, आणि पुढच्या वर्षी ज्यांना ज्यांना निघाला ते सगळे त्याच बारवेचं पाणी पीत होते. माझ्या घरातली घागर मीच भरून आणली होती.

मुलीला सांगायला मला आणखी वर्ष लागलं. तिचं लग्न एका बिजवराशी झालं होतं. त्या पायाला दुसरं स्थळ आलं नाही. मी तिच्याकडे गेले होते. ती चुलीपुढे वाकड्या पायाखाली पोत्याची घडी घेऊन भाकरी थापत होती. मी ओट्यापासून बारवेपर्यंत सगळं सांगितलं. भोंगा, पाय पाण्यात धरायचं मीच काढलं ते, घागर, सगळं.

ती थापत राहिली. मग म्हणाली, "तुजा पाय ऱ्हायला ना पन?"

"ऱ्हायला."

तिने भाकरी तव्यावर टाकली. "सरक तिकडं. धूर लागायलाय तुला."

मी सरकले.